निरोप गेला, पण वाचला कोणी?

मंडळी, मे महिना संपत आलाय. नालेसफाईचे फोटो यायला लागलेत, तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचे नंबर व्हॉट्सॲपवर फिरतायत, आणि १०७७ हा जिल्ह्याचा टोल फ्री नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा अशी पोस्ट परवा मीच शेअर केली. हे सगळं व्हायलाच हवं. पण ही सगळी यादी एकाच गोष्टीवर उभी आहे: हातातल्या मोबाइलला रेंज असली पाहिजे. ती गेली की यादीतला एकही नंबर लागत नाही.

चिपळूणकरांना हे समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. दुकानं बुडाली, घरं बुडाली, माणसं वरच्या मजल्यावर आणि पत्र्यावर जाऊन बसली. वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, मग फोन मेले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद, आणि मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले होते.

माझी आत्या त्या जुलैत शहरातल्या जुन्या घरी होती. वय अठ्ठ्याहत्तर, रोजचं इन्सुलिन. तिचा मुलगा पुण्यात. त्याला दीड दिवस काही कळलं नाही. तो गाडी घेऊन निघाला, पाटणच्या पुढे सोडेनात, तिथूनच परत फिरला. आत्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर होती, धडधाकट होती, चहा पीत होती. "तिघं माळ्यावर, सगळे ठीक, इन्सुलिन चार दिवसांचं आहे." एवढं एक वाक्य त्याच्यापर्यंत गेलं असतं तर त्याची ती रात्र वेगळी गेली असती. आणि इन्सुलिन चार दिवसांचं नसून एकाच दिवसाचं असतं, तर ते वाक्य नियंत्रण कक्षापर्यंत जाणं किती गरजेचं होतं याचा विचार करा.

माझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. गच्चीवरच्या तारेमुळे शेजारचे काका मला "आकाशवाणी" म्हणतात. गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण मिळून रेडिओवरून ईमेल पाठवायचा सराव करतोय. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. यंत्राचं कौतुक हा या पोस्टचा विषय नाही, तरी यंत्राबद्दल थोडं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

रेडिओवरून ईमेल म्हणजे काय?

विनलिंक नावाची एक जगभर चालणारी व्यवस्था आहे. हौशी रेडिओवाल्यांनीच उभी केलेली आणि चालवलेली. भर समुद्रात शिडाच्या बोटी घेऊन फिरणारे लोक घरी ईमेल पाठवायला ती वापरतात. आपत्तीतही ती बऱ्याच ठिकाणी कामाला आली आहे. लागतं काय, तर एक रेडिओ, एक साधा लॅपटॉप, दोघांना जोडणारी साउंड कार्डची छोटी डबी, १२ व्होल्टची बॅटरी आणि तार. लॅपटॉपवर नेहमीसारखा ईमेल लिहायचा. बटण दाबलं की प्रोग्रॅम त्या अक्षरांचं आवाजात रूपांतर करतो, रेडिओ तो आवाज हवेत सोडतो. जुन्या फॅक्स मशीनसारखी किरकिर ऐकू येते. पलीकडचं स्टेशन तिची परत अक्षरं करतं.

पलीकडचं स्टेशन दोन प्रकारचं असू शकतं. एक म्हणजे गेटवे. त्याच्याकडे इंटरनेट चालू असतं, ते आपला निरोप उचलून नेहमीच्या ईमेलच्या जगात सोडून देतं. आपल्या गावात इंटरनेट नसलं तरी चालतं, ते गेटवेकडे असलं म्हणजे झालं, मग तो शेकडो किलोमीटरवर असो. दुसरा प्रकार थेट: माझा रेडिओ ते पुण्यातल्या मित्राचा रेडिओ, मधे कोणी नाही, कुठलाही सर्व्हर नाही. तो मित्र निरोप वाचतो आणि पुढे पोचवतो.

आता कोणी म्हणेल, चिपळूणहून पुणे कसं लागणार, मधे अख्खा सह्याद्री उभा आहे. बरोबर. हातातला वॉकीटॉकी डोंगराला धडकून थांबतो. गुहागर बाजूच्या मित्राशीही माझं थेट लागत नाही, कोणीतरी परशुरामच्या चढावर जाऊन मधला दुवा व्हावं लागतं. पण ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, एक गंमत करता येते. साधारण २० मीटर लांबीची तार दोन माडांच्या मधे मुद्दाम कमी उंचीवर, चार-पाच मीटरवर बांधायची. मग लहरी आडव्या न जाता सरळ वर जातात, आयनावरणावर आपटतात आणि पावसासारख्या आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर खाली येतात. डोंगर मधे येतच नाही, कारण आपण त्याच्या डोक्यावरून गेलो. दिवसा हे छान चालतं. रात्री हाच बँड लांब उड्या मारायला लागतो, पुणं ऐकू येत नाही आणि भलताच देश ऐकू येतो. कुठल्या वेळी कुठला बँड, हे पुस्तकात वाचून अर्धवटच कळतं. दर आठवड्याला रेडिओ लावला की हात बसतो.

बोलायचं सोडून टाइप कशाला?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. रेडिओवर बोलता येतंच की. येतं, आणि बोलणं लागतंच. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. गेल्या होत्या त्या हौशी मोहिमेसाठी, आणि तेच स्टेशन अंदमानचा बाहेरच्या जगाशी दुवा होऊन बसलं. आवाजाची ताकद ती आहे.

पण यादी आली की आवाज कमी पडतो. खरखरीत एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी ऐकून बघा, वेगळे सांगता येतात का ते. आपल्या तालुक्यात पेढे आहे आणि पेढांबेही आहे. एक परशुरामच्या अंगाला, दुसरं कुंभार्लीच्या वाटेवर. होडी किंवा पथक चुकीच्या गावाला गेलं तर दिवस फुकट. आणि मधलीवाडी? ती गावागावात आहे. "मधलीवाडीत पाणी भरलंय" हा निरोप ऐकून कुठल्याही अधिकाऱ्याने काय करावं?

रेडिओवरच्या ईमेलमध्ये पलीकडचं यंत्र प्रत्येक तुकडा तपासतं. खराब आला तर परत मागतं. म्हणून मजकूर एक तर जसाच्या तसा पोचतो, नाही तर पोचतच नाही. एकोणसाठचं एकोणसत्तर होत नाही. औषधाचं नाव, मात्रा, माणसांचा आकडा, सगळं लिहिलेलं राहतं आणि घेणाऱ्याला समोर कागदावर छापता येतं. पाच जणांनी पाच वेळा सांगितलं की निरोपाची दंतकथा होते. धरण फुटल्याची अफवा आपल्याकडे दर पुरात फिरते, ती कशी तयार होते ते आपण बघितलंय.

याला मर्यादाही आहेत, त्या आधीच सांगतो. हे हळू आहे. फोटो, व्हिडिओ विसरा. जोडलेली फाइल कमाल १२० केबी चालते आणि तेवढीसुद्धा आम्ही कधी पाठवत नाही. साधा मजकूर असेल तर परिस्थितीप्रमाणे मिनिटाभरात ते पाच-सात मिनिटांत जातो. आणि हे खाजगी नाही. हौशी रेडिओवर मजकूर लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे. ऐकणारा ऐकू शकतो. म्हणून आमच्या निरोपात रुग्णाचं नाव नसतं, आधार नंबर नसतो. "स्त्री, ७८, इन्सुलिन" एवढं पुरतं.

आता सरावाची गोष्ट

दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी, प्रत्येकाने एक निरोप पाठवायचा. बस एवढंच. अमेरिकेत तर बुधवार हा विनलिंकच्या सरावाचा वार म्हणूनच प्रसिद्ध आहे, तिथले हजेरी लावणारे लोक दर बुधवारी एक ठरावीक फॉर्म भरून पाठवतात. त्यातून काय मिळतं असं वाटेल. पण २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोची वीज आणि फोन पार झोपवले, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसने तिथे पाठवायला ५० हॅम ऑपरेटर मागितले. वाचलेल्या माणसांची माहिती बाहेर काढायची होती. अशी मागणी येते तेव्हा शिकायला वेळ नसतो. ज्यांचा हात बसलेला असतो तेच जातात.

आमचा सराव त्या मानाने अगदी घरगुती. एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक हायस्कूलचे विज्ञानाचे सर, एक इंजिनीअरिंगची मुलगी, पुण्यातला एक मित्र आणि मी. नियम दोनच. घराचा मेन स्विच पाडायचा आणि राउटर बंद करायचा. हे दोन केल्याशिवाय सराव धरायचा नाही, कारण त्या प्रोग्रॅममध्ये रेडिओ न वापरता इंटरनेटवरून निरोप पाठवायचीही सोय आहे. ती मोह पाडते.

मेन स्विच पाडला की बऱ्याच गोष्टी समजतात. १०० वॉटचा रेडिओ पूर्ण ताकदीवर बोलताना साधारण २० अँपिअर खेचतो. छोट्या बॅटरीला तो जड जातो. म्हणून आम्ही २० वॉटवर काम करायला शिकलो, आणि तार चांगली असेल तर पुणं २० वॉटवर लागतं. रेडिओपेक्षा लॅपटॉपच आधी मान टाकतो, म्हणून त्याची १२ व्होल्टवर चार्ज व्हायची सोय केली. कंडक्टर काकांनी तर सगळा संच जुन्या तिकिटाच्या ट्रंकेत बसवला. म्हणाले, "डबल बेल मारली की निघायचं, शोधाशोध नको."

मजकूर आम्ही रोमन अक्षरांत ठेवतो. मराठीवर प्रेम नाही म्हणून नव्हे. देवनागरीचं एक अक्षर साठवायला रोमनच्या तिप्पट जागा लागते आणि इथे प्रत्येक बाईट बॅटरीतून जातो. पण मग गावाचं स्पेलिंग कोण कसं करेल याचा नेम नाही. त्यावर मुलीने तोडगा काढला. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. गावाचं नाव, पुढे कोड, मग वाडी. आता पेढे आणि पेढांबे यांची गल्लत होत नाही.

इथपर्यंत सगळं छान वाटतं ना? आम्हालाही वाटत होतं. आता मुख्य मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही ठरवलं की आपापसात पाठवून पुरे झालं, हा निरोप जिथे जायला हवा तिथे पाठवून बघू. एका सरकारी कार्यालयाला भेटलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही, कारण कुठल्याही कार्यालयात हेच घडलं असतं. तिथल्या साहेबांनी आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, चहा दिला, सरावाला लेखी होकार दिला आणि ईमेलचा पत्ता दिला. हा माणूस सहकार्य करणारा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी १० वाजून ११ मिनिटांनी पहिला निरोप गेला. गुहागर बाजूकडून परशुरामच्या चढावर, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून ४० मीटरवर पुण्याला, आणि पुण्याच्या मित्राने तो कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवला. शेवटचा निरोप १० वाजून ४९ मिनिटांनी. पाच निरोप, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्ही खूश. काकांनी वडापाव आणला.

पाचही निरोपांच्या शेवटी एकच विनंती होती: "मिळाला, एवढं उत्तर द्यावे."

उत्तर मंगळवारी दुपारी आलं.

झालं असं होतं की तो ईमेल उघडणारी व्यक्ती एकच होती आणि ती सोमवारी रजेवर होती. कक्षात चोवीस तास माणूस बसलेला होता. रविवारीही होता. पण त्याच्यासमोर फोन आणि नोंदवही होती, तो ईमेल त्याच्या टेबलावर नव्हता. पासवर्ड त्याला माहीत नव्हता, असायचं कारणही नव्हतं. निरोप वादळातून, डोंगरावरून, आयनावरणावर आपटून पोचला आणि शेवटच्या दहा फुटांवर दोन दिवस पडून राहिला.

ज्या ताईंनी तो उघडला त्यांनी मला फोन केला. त्यांचा प्रश्न मी कधी विसरणार नाही. "अहो दादा, हा सराव आहे की खरंच कोणी अडकलंय?" मजकुराच्या पहिल्या ओळीत सराव असं लिहिलं होतं. पण त्यांनी कागद छापला होता आणि पहिली ओळ वरच्या समासात गेली होती. त्यांची शंका शंभर टक्के रास्त होती. आणि त्या पुढे जे बोलल्या ते जास्त महत्त्वाचं होतं. "समजा खरं असतं, तर मी काय करायचं? हा कागद कोणाला द्यायचा, ते कुठे लिहिलेलं नाही."

मंडळी, माझा मुद्दा एवढाच आहे. प्रोग्रॅम मला सांगतो की निरोप पोचला. प्रोग्रॅमच्या दृष्टीने पोचणं म्हणजे सर्व्हरवर पडणं. माळ्यावर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पोचणं म्हणजे कोणीतरी तो वाचून हलणं. या दोन्हींच्या मधे एक माणूस असतो, आणि सराव त्या माणसाबरोबर करावा लागतो. रेडिओवाल्यांनी एकमेकांना कितीही निरोप पाठवले तरी तो फक्त अर्धा सराव आहे.

मग त्या ताई, कक्षातला रात्रपाळीचा माणूस आणि आम्ही असे एकत्र बसलो. साहेबांनी बसू दिलं. त्या दोन तासांत जे ठरलं ते कुठल्याही तांत्रिक पुस्तकात नाही.

एक, सराव हा शब्द पहिल्या ओळीत, शेवटच्या ओळीत आणि विषयात, तिन्ही ठिकाणी. छापताना एक गेला तरी दुसरा राहतो.

दोन, वेळ भारतीय आणि चोवीस ताशी. यंत्र आपोआप आंतरराष्ट्रीय वेळ घालतं, ती साडेपाच तास मागे असते. म्हणजे सकाळी १० वाजून ११ मिनिटांच्या निरोपावर ०४:४१ छापून येतं. रात्रपाळीच्या माणसाने सरळ विचारलं, "पहाटेचा निरोप आम्हाला आता का दाखवताय?" म्हणून मजकुरात वेळ पुन्हा लिहायची, पुढे "भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहून.

तीन, उत्तर देण्याची पद्धत. विनलिंकच्या पत्त्यावर कोणीही उठून ईमेल पाठवू शकत नाही, नाही तर जाहिरातींनीच रेडिओ भरून जाईल. आपण ज्याला आधी लिहिलंय त्याचंच उत्तर आत येतं. दुसऱ्या पत्त्यावरून कोणी लिहिलं तर ते परत जातं. त्यावर उपाय म्हणजे विषयाच्या अगदी सुरुवातीला दोन तिरक्या रेघा आणि लगेच डब्ल्यू-एल-टू-के हे रोमन लिपीत, टूच्या जागी आकडा. हे आम्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो पुठ्ठा आता टेबलाच्या काचेखाली आहे.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: कागद कोणाच्या हातात द्यायचा. कक्षातल्या नोंदवहीत एक रकाना वाढवला. निरोप आला किती वाजता, कोणाला दिला, त्याने काय केलं. अडीच इंचांचा रकाना. त्याला ना निधी लागला, ना निविदा.

पाच, कार्यालयाचंच इंटरनेट बंद पडलं तर? तर आमच्यापैकी एकाने ट्रंक घेऊन तिथे जाऊन बसायचं. कोण जाणार, कुठल्या वाटेने, तार कुठल्या झाडाला बांधायची, हे आधी ठरवून ठेवलं. झाड बघून आलोय. जांभूळ आहे, मजबूत आहे.

ऑगस्टमध्ये परत सराव केला, या वेळी रात्री नऊला. पहिल्या निरोपाचं उत्तर ३१ मिनिटांनी आलं. रात्रपाळीच्या माणसाने स्वतः टाइप केलेलं. "मिळाला. नोंद केली. मंडळ अधिकाऱ्यांना सांगितले." आम्ही वडापाव न आणता ते उत्तर छापून भिंतीला लावलं.

याची कोणी फार मोठी बातमी करावी असं माझं म्हणणं नाही. पुढच्या बदलीत साहेब जातील, ताईंचं टेबल बदलेल, पुठ्ठा काचेखालून निघेल. म्हणूनच हे एकदा करून भागत नाही. सराव दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी, ज्या माणसांची त्या वेळी पाळी आहे त्यांच्याबरोबर करायचा असतो. आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्ह्याला प्राधिकरण आहे, आराखडे आहेत. आराखड्यात "पर्यायी संपर्क व्यवस्था: हॅम रेडिओ" अशी एक ओळ लिहिणं सोपं असतं. त्या ओळीसमोर एका माणसाचं नाव आणि शेवटच्या सरावाची तारीख असली पाहिजे. तारीख नसेल तर ती व्यवस्था नाही, फक्त ओळ आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतसुद्धा देशांनी हौशी स्टेशनांना आपत्तीची तयारी करू द्यावी असं म्हटलंय. तयारी करू द्यावी, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

कॉमेंटमध्ये दोन गोष्टी नक्की येतील, त्यांची उत्तरं आधीच देतो. उपग्रह फोन आहेत की! आहेत, आणि ते मोठ्या कामाचे आहेत. पण तालुक्यात ते किती जणांकडे असतात, आणि सामान्य माणसाला परवानगीशिवाय तो बाळगताही येत नाही. दुसरं, हॅम आहेत किती? कमी आहेत, हे खरंच आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, वय वर्षं १२ पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. आमच्यातल्या इंजिनीअरिंगच्या मुलीने अकरावीत असताना दिली. कोणाच्या घरात असं उद्योगी पोर असेल तर मला मेसेज करा, शिकवायला आम्ही बसलोय.

पण लायसन्स नसलेल्यांनाही एक काम आहे, आणि खरं तर ते आमच्या कामापेक्षा मोठं आहे. आमचा रेडिओ कितीही चांगला असला तरी तुमच्या वाडीतून आमच्यापर्यंत येणारा कागदच अर्धवट असेल तर आम्ही अर्धवटच पुढे पाठवणार.

तर पाऊस सुरू व्हायच्या आत वाडीवाडीत एक कागद तयार करा. गावाचं नाव आणि कोड (ग्रामपंचायतीत मिळेल). वाडीचं नाव. घरं किती. अंथरुणावर खिळलेली माणसं किती, गरोदर बाया किती, इन्सुलिन किंवा डायलिसिसवाले किती. होडी कोणाकडे. उंचावरची पक्की जागा कुठली. हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर उंचावरचं असू दे.

आणि पंचवीस शब्दांत निरोप लिहायची सवय करा. जुन्या रेडिओवाल्यांनी पंचवीस शब्दांची मर्यादा उगाच घातलेली नाही. कुठे, केव्हा, काय झालं, किती माणसं, काय हवंय, कोण सांगतंय. "लवकर मदत पाठवा, परिस्थिती फार गंभीर" या वाक्यात यातलं एकही उत्तर नाही. "पूल गेला, ४० माणसं शाळेत, पाणी वाढत नाही, दोघांना इन्सुलिन उद्यापासून नाही" यात जवळपास सगळी आहेत. संध्याकाळी मुलांना खेळ म्हणून द्या. माझ्या पुतण्याने पहिल्या खेपेला सदुसष्ट शब्द लिहिले. चौथ्या खेपेला तेवीसवर आला आणि महत्त्वाचं काही गळलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आमचा यंदाचा सराव आहे. या वेळी आम्हाला वाडीवरून पायी आलेला खरा कागद हवाय, आम्ही टेबलावर बसून रचलेला नको. तीन वाड्यांनी हो म्हटलंय. अजून दोन हव्यात, शक्यतो नदीकाठच्या. ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, शाळेतले सर, कोणीही पुढाकार घ्या. तुमच्याकडून फक्त एक माणूस, एक कागद आणि चालायची तयारी. उत्तर किती मिनिटांनी आलं ते इथेच लिहीन, लवकर आलं तरी आणि उशिरा आलं तरी.